राजगडाला २५६ मीटरची तटबंदी: एचजीटी फाइलची पीजीएम करतानाचं एक प्रकरण

मित्राचं पुण्यात सीएनसी राउटरचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कोरीवकामाच्या मशीनचं, छोटं वर्कशॉप आहे. नेमप्लेट, देवघराच्या जाळ्या, शटरवरची डिझाइन, असली कामं. मागच्या पावसाळ्यात त्याला एका ट्रेकिंग ग्रुपची ऑर्डर आली, सिंहगड, राजगड, तोरणा आणि रायगड हा सगळा टापू एका लाकडी पॅनेलवर उठावात कोरून पाहिजे, पॅनेल ६० सेंटिमीटर उंच आणि उठाव जास्तीत जास्त ४० मिलिमीटर. त्याच्या मशीनच्या सॉफ्टवेअरला ग्रेस्केल इमेज द्यायची असते, काळं म्हणजे खोल, पांढरं म्हणजे उंच, टूलपाथ, म्हणजे हत्याराने फिरायचा मार्ग, मग ते स्वतः काढतं. आता ही इमेज आणायची कुठून, तर फोन मला, कारण आमच्यात फाइलींशी झटापट करणारा मीच. मी म्हणलं दोन तासांचं काम आहे. नऊ दिवस गेले.

डेटा मिळायला काही अडचण नव्हती. फेब्रुवारी २००० मध्ये नासाचं एंडेव्हर शटल ११ दिवस पृथ्वीभोवती फिरत होतं, एक रडार अँटेना शटलमध्ये आणि दुसरा ६० मीटर लांब दांड्याच्या टोकाला बाहेर, आणि या जोडीने ६० उत्तर ते ५६ दक्षिण अक्षांशांमधली जमीन मोजली. तोच एसआरटीएम डेटा, फुकट मिळतो, एक अंश बाय एक अंशाचे तुकडे, प्रत्येक तुकडा म्हणजे एक एचजीटी फाइल. आपल्याला लागणारा तुकडा १८ उत्तर ७३ पूर्व, नाव खालच्या डाव्या कोपऱ्यावरून पडतं. त्यात पुणं येतं, हे चारही किल्ले येतात आणि डावीकडे थोडं कोकण येतं. जुन्या ९० मीटरवाल्या फाइलीत सह्याद्रीच्या कड्यांजवळ भोकं असायची, रडारला दिसलंच नाही अशी जागा, तिथे उणे ३२७६८ हा आकडा भरलेला. नासाच्या ३० मीटरवाल्या तिसऱ्या आवृत्तीत ती भोकं दुसऱ्या डेटाने बुजवलीत, म्हणून तीच घेतली.

एचजीटी ही फाइल म्हणजे एकदम फकीर माणूस. हेडर (सुरुवातीला फाइलची ओळख सांगणारा मजकूर) नाही, रुंदी नाही, उंची नाही, काही नाही. सरळ आकडे सुरू होतात, वायव्य कोपऱ्यापासून ओळीओळीने खाली, प्रत्येक आकडा म्हणजे त्या जागेची मीटरमधली उंची, दोन बाइट, साइन्ड (म्हणजे उणे आकडाही चालतो), बिग एंडियन, म्हणजे थोरला बाइट आधी आणि धाकटा नंतर. ३६०१ ओळी, ओळीत ३६०१ आकडे, फाइलचा साइज बरोब्बर २,५९,३४,४०२ बाइट. (३६०० का नाही, तर कडेची ओळ शेजारच्या तुकड्याशी सामाईक असते. ३६०० धरून उघडली तर प्रत्येक ओळ एकेक पिक्सेल सरकते आणि सगळा सह्याद्री ४५ अंशात तिरका होतो, तेही करून झालंय.)

खरं तर जीडाल नावाचं टूल हे सगळं एका कमांडमध्ये करून देतं. पण झालं काय, की मित्राने फाइल स्वतः डाउनलोड करून, नाव बदलून "सह्याद्री फायनल" करून मला पाठवली. आता या फाइलीत आतमध्ये जागेची काही माहितीच नसल्याने जीडाल ती फाइलच्या नावावरून काढतं, नाव बदललं की ते ओळखतच नाही. एरर आली, मी नावाकडे बघितलंच नाही, वाटलं फाइल खराब आहे, आणि म्हणलं जाऊ दे, हाताने करू, यात आहे काय एवढं.

आणि खरोखर काही नाही. पीजीएम हा ग्रेस्केलचा जुना फॉरमॅट आहे, नेटपीबीएमच्या घराण्यातला, त्याचं हेडर म्हणजे तीन ओळींचा मजकूर: पहिल्या ओळीत इंग्रजी पी आणि ५, दुसरीत रुंदी आणि उंची, तिसरीत जास्तीत जास्त व्हॅल्यू. त्यानंतर लगेच पिक्सेल सुरू. जास्तीत जास्त व्हॅल्यू २५५ च्या वर गेली की प्रत्येक पिक्सेलला दोन बाइट, थोरला आधी. म्हणजे हुबेहूब एचजीटीसारखं! त्यामुळे कन्व्हर्जन असं काही करावंच लागत नाही, एचजीटीच्या डोक्यावर १९ बाइटची टोपी घातली की ती पीजीएम झाली. मला हे फार आवडलं होतं, चार जणांना सांगितलंही.

मी टोपी विंडोजवरच्या साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये शिवली. तीन ओळी टाइप केल्या, शेवटी एंटर, सेव्ह, आणि कॉपी कमांडने दोन्ही फाइली बायनरी जोडून टाकल्या. उघडून बघतो तर झेब्रा. डोंगराच्या जागी पट्टेच पट्टे, मधेमधे मुंग्या. असं चित्र आधी बघितलेल्या कोणालाही एकच शब्द सुचतो: एंडियन. बाइट उलटे लागलेत. ५६० मीटर म्हणजे हेक्समध्ये (१६ च्या पायावरची मोजणी, दोन अंकांचा एक बाइट) ०२ ३०, ते उलटं वाचलं की ३० ०२ म्हणजे १२२९०, आणि ५६१ उलटं वाचलं की १२५४६, एक मीटर चढलात की २५६ ची उडी, म्हणून पट्टे. मग काय, डीडी कमांडमध्ये स्वॅब ऑप्शन असतो, त्याने एचजीटीचे सगळे बाइट जोडीजोडीने उलटे केले, तीच टोपी परत घातली, उघडलं. आता चित्र जवळजवळ पूर्ण काळं, पण ते अपेक्षितच होतं, १४०० मीटर म्हणजे ६५५३५ च्या जेमतेम दोन टक्के, दिसणार काय. इमेजमॅजिक नावाच्या टूलने ० ते १५०० ही रेंज ताणून पूर्ण काळ्या-पांढऱ्यावर बसवली आणि सह्याद्री समोर उभा राहिला, सोंडा, घळी, वरंध्याकडचे कडे, मस्त.

आता मागे वळून बघताना, मी थांबायला हवं होतं ते इथे. एचजीटीही बिग एंडियन, पीजीएमही बिग एंडियन, मग उलटवायची गरजच का पडली? हा प्रश्न मला पडला होता, खोटं नाही सांगत. पण चित्र दिसत होतं ना. चित्र दिसलं की माणूस प्रश्न विसरतो.

त्यातून दोन गोष्टी खटकण्यासारख्या समोर होत्या. चित्राच्या अगदी डाव्या कडेला एक पिक्सेल जाडीची उजळ रेघ होती, वरपासून खालपर्यंत, आणि सर्वात वरचा डावा पिक्सेल, म्हणजे नवी मुंबईच्या बाजूचा, एकदम पांढरा. मी म्हणलं कडेला असतं असं काहीतरी, क्रॉप करायचंच आहे. जास्तीत जास्त व्हॅल्यू तपासली तर ती ६५५३३ आली, आणि तिचं कारण मला माहीत होतं, खाडीकाठी काही पिक्सेल उणे तीन वगैरे आहेत आणि पीजीएमला उणे कळत नाही, उणे तीन तिथे ६५५३३ होतात. खाडीत पांढरे ठिपके दिसतच होते. त्या एका माहीत असलेल्या कारणाखाली बाकी सगळं झाकलं गेलं.

क्रॉप केला १४४० बाय १४४० पिक्सेलचा, ०.४ अंश, साधारण ४२ बाय ४४ किलोमीटर. इथे एक छोटी गोष्ट, आपल्या अक्षांशावर एक पिक्सेल उत्तर-दक्षिण ३०.७ मीटर आणि पूर्व-पश्चिम २९.३ मीटर पडतो, म्हणून चौकोनी इमेज जशीच्या तशी चौकोनी पॅनेलवर टाकायची नाही, ६० सेंटिमीटर उंचीला ५७.३ रुंदी ठेवली.

मधल्या दोन चुका पटकन सांगतो कारण त्या सगळेच करतात. मित्राच्या सॉफ्टवेअरला पीजीएम चालत नव्हती, त्याने परस्पर बीएमपी करून घेतली, ती ८ बिट. ० ते १५०० मीटर २५५ पायऱ्यांत बसवले की एक पायरी ५.९ मीटरची आणि लाकडावर ०.१६ मिलिमीटरची. कड्यांवर काही कळत नाही, पण खडकवासल्याकडच्या सपाटीवर प्रिव्ह्यूमध्ये मावळातली भातखाचरं दिसायला लागली, एकाखाली एक. म्हणून १६ बिट पीएनजी, त्यात एक मीटर म्हणजे जवळजवळ ४४ शेड, खाचरं गायब.

दुसरी चूक माझी. पीएनजीतले काही डाग पुसायला मी ती एका फोटो एडिटरमध्ये उघडली, त्याने लिनिअर का काय विचारलं, मी ओके दाबलं. फोटो एडिटरला वाटतं ग्रेस्केल म्हणजे उजेड, आणि उजेडाला गॅमा असतो, म्हणजे डोळ्यांना पटावं म्हणून आकडे वाकवलेले. आपल्या इमेजमध्ये उजेड नाहीच, उंची आहे. सुदैवाने मी पूर्ण तुकड्याच्या फाइलीत पुण्याचा पिक्सेल बघितला, ५६० च्या आसपास यायला पाहिजे तिथे ९६७ मीटर. पुणं बंगळूरच्या वर! आणि तोरणा १४०३ चा फक्त १४५७ झालेला, म्हणजे तोरणा आणि पुणं यांच्यातला ८४३ मीटरचा फरक ४९० वर आलेला. चित्र मात्र आधीपेक्षा छान दिसत होतं, सगळं उजळ, तपशील भरपूर, मित्र तर म्हणाला हीच ठेव. कोरलं असतं तर सह्याद्रीचं पठार आणि वर चार टेकड्या. तेव्हापासून उंचीची फाइल फोटो एडिटरमध्ये उघडायची नाही, डाग पुसायचे तर आकड्यांवर पुसायचे.

मग लाकडाआधी एमडीएफवर (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) ट्रायल घेतली, ३ मिलिमीटरच्या, गोल टोकाच्या बॉलनोज टूलने. रात्री साडेदहाला मित्राचा फोन, आनंदात.

"अरे, राजगडाला तटबंदी आलीय!"

"कसली तटबंदी?"

"खरंच, गडाच्या पूर्वेच्या बाजूला बारीक भिंत उभी आहे. तोरण्यालाही आहे. सॅटेलाइटने काय पकडलंय बघ ना."

मला पण दोन मिनिटं वाटलं, असेल. मग हिशेब केला. एक पिक्सेल ३० मीटरचा, त्यात काही मीटर जाडीची भिंत काय दिसणार. म्हणलं भिंतीची उंची मोज. त्याने व्हर्नियर लावला, सात मिलिमीटरला जरा कमी. ४० मिलिमीटरला १५०० मीटर, म्हणजे ही भिंत अडीचशे मीटर उंच. शिवाजी महाराजांच्या काळातही एवढी तटबंदी बांधत नव्हते.

सकाळी जाऊन बघितलं. कागदासारख्या पातळ पट्ट्या उभ्या होत्या, बोट लावलं की तुटत होत्या. गंमत म्हणजे सगळ्या पूर्वेकडच्या उतारांवर. पश्चिमेकडे, कोकणाच्या बाजूला, एकही नाही. आणि त्या वाटेल तिथे नव्हत्या, डोंगराला कंबरपट्ट्यासारख्या एका ठराविक उंचीवरून जात होत्या, म्हणजे चक्क कंटूर. रायगडाच्या डोंगराला खाली दोन, राजगड-तोरण्याला वर दोन-तीन. पॅनेलवर उंची मोजून मीटरमध्ये बदलली तर ५१०, ७७०, १०२५ असे आकडे यायला लागले. कॉम्प्युटरवाल्या माणसाला हे आकडे ओळखीचे वाटणारच: ५१२, ७६८, १०२४. २५६ ची पटी.

घरी आलो आणि शेवटी जे पहिल्या दिवशी करायला पाहिजे होतं ते केलं. पायथनमध्ये मूळ एचजीटी थेट वाचली, बिग एंडियन साइन्ड १६ बिट सांगून, टोपी नाही, स्वॅब नाही. दुसरीकडे माझी पीजीएम वाचली. दोघींची वजाबाकी. १ कोटी २९ लाख पिक्सेलपैकी बहुतेक सगळीकडे शून्य, मधेमधे अधिक २५६ किंवा उणे २५६, डाव्या कडेच्या कॉलममध्ये बहुतेक ठिकाणी अधिक ५१२, आणि पहिल्याच पिक्सेलला अधिक २५६०. बाकी काही नाही.

२५६० म्हणजे १० गुणिले २५६. आणि १० हा नव्या ओळीचा कोड आहे. तिथेच सगळं उलगडलं.

विंडोजमध्ये एंटर दाबलं की फाइलीत दोन बाइट जातात, १३ आणि १०, टाइपरायटरच्या जमान्यातले, एक गाडा मागे नेण्याचा आणि एक कागद वर सरकवण्याचा. लिनक्समध्ये फक्त १०. पीजीएमचा नियम असा की तिसऱ्या ओळीतल्या आकड्यानंतर फक्त एकच मोकळं अक्षर (स्पेस किंवा नव्या ओळीचा कोड), त्याच्या पुढच्या बाइटपासून पिक्सेल. वाचणाऱ्या प्रोग्रॅमने १३ ला ते मोकळं अक्षर धरलं आणि उरलेला १० पिक्सेलच्या रांगेत घुसला. पहिल्या दोन ओळींच्या शेवटी जादा बाइट आला तरी बिघडत नाही, तिथे कितीही मोकळी जागा चालते. तिसऱ्या ओळीच्या शेवटचा एकच बाइट सगळा घोळ घालतो.

म्हणजे झेब्रा आला तो एंडियनमुळे नव्हेच. सगळी रांग एका बाइटने सरकली होती, प्रत्येक पिक्सेलला आधीच्याचा धाकटा बाइट थोरला म्हणून आणि स्वतःचा थोरला धाकटा म्हणून मिळत होता. शेजारशेजारचे पिक्सेल साधारण सारखेच असल्याने हे अगदी उलट्या बाइटसारखंच दिसतं, डोळ्यांनी फरक करताच येत नाही. आणि मी त्यावर स्वॅब मारला. सरकलेलं उलटं केलं तर काय होतं, प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा धाकटा बाइट बरोबर मिळतो, पण थोरला मिळतो डावीकडच्या शेजाऱ्याचा. शेजाऱ्याचे रुपये आणि आपले पैसे, असं समजा. दोघांचे रुपये सारखे असतील तोवर हिशेब बरोबरच लागतो, आणि डोंगरात ९० टक्क्यांहून जास्त वेळा ते सारखेच असतात, कारण रुपया २५६ मीटरचा आहे. फक्त ज्या ठिकाणी जमीन २५६, ५१२, ७६८ ही रेघ ओलांडते तिथे गडबड. डावीकडे ५१० आणि उजवीकडे ५१४ असेल तर ५१४ ला शेजाऱ्याचा एक रुपया आणि स्वतःचे दोन पैसे मिळतात, २५८. खड्डा. उलट ५१४ नंतर ५१० आला तर त्याला दोन रुपये २५४ पैसे, ७६६. भिंत.

म्हणून पूर्वेकडे चढणाऱ्या उतारावर खड्डे आणि पूर्वेकडे उतरणाऱ्यावर भिंती. खड्डा एक पिक्सेल, म्हणजे पॅनेलवर ०.४ मिलिमीटर रुंद, त्यात ३ मिलिमीटरचं टूल शिरतच नाही, त्यामुळे कोकणाची बाजू स्वच्छ दिसली. अर्ध्या चुका टूलने लपवल्या, नाहीतर पश्चिमेला खंदक आणि पूर्वेला तटबंदी असा संपूर्ण किल्ला मिळाला असता. डाव्या कडेची उजळ रेघही त्यातलीच, तिथे पहिल्या पिक्सेलचा शेजारी म्हणजे वरच्या ओळीतला शेवटचा, पुण्याच्या पलीकडच्या पठारावरचा, दोन रुपयेवाला.

दुरुस्ती दोन मिनिटांची. टोपी फक्त १० वाल्या ओळींनी लिहिली, स्वॅब काढून टाकला, मूळ एचजीटी जोडली. साइज २,५९,३४,४२१ आला, १९ बाइट जास्त, जेवढे पाहिजेत तेवढेच. जुन्या फाइलीचा साइज बघितला तर २,५९,३४,४२४, तीन बाइट जादा, तीन ओळींचे तीन. पहिल्या दिवशी प्रॉपर्टीजमध्ये एवढी बेरीज केली असती तर एमडीएफची शीट वाचली असती. परत वजाबाकी केली, सगळीकडे शून्य. खाडीकाठचे उणे आकडे पायथनमध्ये शून्य करून घेतले, मग ० ते १५०० ताणून १६ बिट पीएनजी, आणि त्या पीएनजीतून पुणं, सिंहगड, तोरणा यांचे आकडे उलट मीटरमध्ये काढून बघितले. चित्र सर्वात शेवटी उघडलं. फाइलचं मूळ नावही परत दिलं आणि जीडालला दिली, त्याने निमूट तेच करून दिलं, एका कमांडमध्ये.

लाकडावर पॅनेल नीट आलं, भिंत नाही, खाचर नाही. राजगडाचा बालेकिल्ला मात्र खऱ्यापेक्षा जरा बसका दिसतो, कारण ३० मीटरच्या पिक्सेलमध्ये टोकदार माथा आजूबाजूच्या उताराशी सरासरीत बुडतो, आणि ते कुठल्याही फॉरमॅटमध्ये बदलून परत येत नाही. मित्राने पटाशी घेतली आणि माथ्याच्या आजूबाजूचं थोडं छिलून हातानेच टोक काढलं.